चुलीला आवतन

पहिल्या चहाचा पहिला घोट घेते न घेते तोच माझ्या विहीणबाईंनी विचारलं, "मंग, कधी जाता?"

पुण्याहून अकोल्याला येऊन मला जेमतेम अर्धा तास झाला होता. चपला काढून, तोंडावर पाणी मारून मी नुकती कुलरसमोर टेकले होते. बाहेर ऊन सकाळीच डोळ्यांवर यायला लागलं होतं. मी लेकीकडे पाहिलं. ती सोफ्यावर पाय वर घेऊन, पोटावर हात ठेवून आरामात बसली होती आणि तिला त्या प्रश्नात काही वावगं वाटल्याचं दिसत नव्हतं. मी मात्र कप खाली ठेवला.

"चार दिवसांनी," मी म्हणाले. "हिला घेऊनच."

"बरं," विहीणबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मी आले होते लेकीला न्यायला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत पुण्यातही आहे आणि वऱ्हाडातही. तेवढ्यापुरतं आमच्या दोन घरांचं एकमत होतं. माझ्या फ्लॅटमधली पूर्वेकडची खोली मी रंगवून घेतली होती. डिंकाच्या लाडवांचं सामान आणून ठेवलं होतं, बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईंना सांगून ठेवलं होतं. हिचे बाबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घरात आम्ही दोघीच असायचो, मग ती लग्न करून अकोल्याला आली आणि मी एकटी उरले. आता काही महिने तरी घरात माणसांचा आवाज येणार होता. मला ते बाळंतपण हवंच होतं, सरळ सांगते. आजी व्हायचं होतं त्याहून जास्त मला पुन्हा थोडे दिवस आई व्हायचं होतं. म्हणून तर दोघींची परतीची तिकिटं काढूनच मी गाडीत बसले होते.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी मुद्रितशोधक आहे. लोकांच्या चुका काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, आणि राग नाकावर असतो तो वेगळाच. चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ दिसला की मला गप्प बसवत नाही. अशा बाईला वऱ्हाडात सोडणं म्हणजे काय, ते त्याच दुपारी कळलं. मी जेवत होते. व्याह्यांना कुणाचा तरी फोन आला. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, बार्शीटाकळीकडे शेत आहे ते बघतात, आणि फोनवर असे बोलतात की समोरच्याला फोनची गरजच पडू नये. "हो, आल्या ना सकायीच," ते म्हणाले. "ईनबाई जेवून राहिल्या."

ईनबाई म्हणजे विहीणबाई, हे मला लग्नातच कळलं होतं. पण जेवून राहिल्या? म्हणजे जेवल्या आणि इथेच मुक्कामाला राहिल्या? की जेवायच्याच राहिल्या? मी समोर बसून वांग्याची भाजी खाते आहे हे यांना दिसत नाही का? माझा हात ताटातच थांबला. लेकीने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. "'जेवताहेत' असं म्हणाले ते, आई," ती पुटपुटली. "इथे तसंच म्हणतात. मी बसून राहिली, तो येऊन राहिला." माझ्या लेकीच्या तोंडून 'मी बसून राहिली' ऐकताना मला घाम फुटला, आणि तो नुसता उन्हाचा नव्हता.

मग जेवणाचं. पुण्यात आम्ही आधी विचारतो आणि समोरचा नको म्हणाला तर ते खरं मानतो. त्यात दोन्हीकडची सोय असते. इथे पहिलं नको लाजेचं धरतात, दुसरं सवयीचं, आणि तिसरं कुणी ऐकतच नाही. मी ताटावर हात आडवा धरला तर विहीणबाई बोटांच्या फटीतून तूप सोडायच्या. एकदा पाण्याचा ग्लास हातात दिला म्हणून मी सवयीने "थँक यू" म्हटलं. त्या तिथेच थांबल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "थँक्यू कायचं? पाणीच त हाये." त्यात राग नव्हता. पाण्याबद्दल आभार मानणाऱ्या बाईचं काय करावं, एवढाच प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता.

आणि स्वयंपाकघर. मी ताट उचलून आत न्यायला उठले की त्या दारात आडव्या उभ्या राहायच्या. "ईनबाई, तुमी बसा." कोथिंबीर निवडू का म्हटलं, "तुमी बसा." लेकीसाठी थोडं दूध गरम करू का, "मी करतो ना, तुमी बसा." इथल्या बायका 'करतो, जातो' म्हणतात, तेही एक. मी बसत होते. मुलाच्या सासूने काम केलेलं शोभत नाही, अशी त्यांची समजूत. आणि दुसऱ्याच्या घरी बसून खाल्लेलं शोभत नाही, अशी माझी. त्यांचा एक गुडघा दुखत होता, जमिनीवरून उठताना त्या भिंतीला धरायच्या. त्या धरून धरून उठायच्या आणि मला वाढायच्या, आणि मला प्रत्येक घासाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला एकटीला गाठून विचारलं, "तुझ्या सासूबाईंना मी जड झाले आहे का? आल्या आल्या कधी जाता म्हणून विचारलं."

ती इतकी हसली की पोट धरून बसली. "अगं, त्या पाहुणचार आखत होत्या. पुरणपोळी कधी करायची, अमरावतीला मावशींकडे कधी न्यायचं. पाहुणा किती दिवस आहे ते कळल्याशिवाय कसं ठरवणार?"

"मग तसं विचारावं."

"तसंच तर विचारलं."

त्याच आखणीप्रमाणे मला अमरावतीला नेण्यात आलं. विहीणबाईंची धाकटी बहीण तिथे राहते. लेक घरीच थांबली, आम्ही दोघी जावयाच्या गाडीतून गेलो. पाटवडी रस्सा झाला, वर चौकातून आणवलेला गिलावडा झाला, आणि निघताना बहिणीने माझ्या हातात साडी ठेवली. मी आमच्या पद्धतीने "अहो, कशाला, खरंच नको" म्हटलं, तिने तिच्या पद्धतीने ते ऐकलं नाही, मग ती पाणी आणायला आत वळली तेव्हा मी साडी हळूच सोफ्यावर ठेवून दिली. एवढी महागाची साडी एका भेटीत घ्यायची म्हणजे काय, मला ते ओझं वाटलं. परतीच्या वाटेवर मी स्वतःवर खूश होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ओळखीचा कुणी एसटीने अकोल्याला येत होता, त्याच्या हाती ती साडी माझ्यामागे आली. सोबत दुसरी एक होती. पहिलीचा रंग पसंत पडला नसावा म्हणून, असा निरोप होता.

विहीणबाईंनी दोन्ही साड्या माझ्या मांडीवर ठेवल्या. "बहीण रडली माझी," एवढंच म्हणाल्या. मी दोन्ही घेतल्या. त्यातली दुसरी खरोखर सुंदर आहे, अजून नेसते.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही लेकीला तपासायला घेऊन गेलो. प्रवासाआधी एकदा डॉक्टरांनी बघितलेलं बरं, एवढाच हेतू. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, मग सांगितलं की पुण्याचा विचार सोडा. प्रवास नाही, जिने नाहीत, जास्तीत जास्त वेळ आडवं पडायचं, मीठ कमी. घाबरण्यासारखं नाही, पण बाळ इथेच होईल.

घाबरण्यासारखं नाही म्हणाल्या म्हणून मी घाबरले नाही. पण रंगवलेली खोली डोळ्यांसमोर आली आणि रिक्षात मला रडू फुटलं. लेकीने माझा हात धरला. आजारी ती, आणि समजूत माझी काढत होती.

संध्याकाळी जावयाने तिचं तिकीट रद्द केलं. तो मोबाइल हातात घेऊन माझ्याकडे वळला. "आणि तुमचं, आई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. विहीणबाई दाराशी उभ्या होत्या. मी मनात म्हणत होते, या आता म्हणतील, राहा. त्या काही बोलल्या नाहीत. मग मी म्हणाले, "बघू."

तिथे माझी खरी परीक्षा सुरू झाली. मला राहायचं होतं. बाळ होईपर्यंत लेकीजवळ, तिच्या खोलीत, तिच्या हाकेच्या अंतरावर. माझं काम लॅपटॉपवर चालतं, पुण्यात माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. अडचण एकच होती. मी पाहुणी होते. पाहुणीनं चार दिवस राहावं, फार तर आठ. दोन महिने कुठल्या हक्काने राहणार? पहिलं ताट माझं, गरम पोळी माझी, आणि दुखऱ्या गुडघ्याची बाई माझ्यासाठी उठबस करणार. अशी राहिले असते तर लेकीच्या सासरी लेकीलाच भार झाले असते. आणि विचारायचं कसं? आमच्याकडे अशा गोष्टी विचारत नाहीत, समोरच्याने ओळखायच्या असतात. मी तिकीट आठवडाभर पुढे ढकललं. मग पुन्हा ढकललं. प्रत्येक वेळी सहज म्हणून सांगायचे, आणि प्रत्येक वेळी विहीणबाई "बरं" म्हणायच्या. त्या "बरं"चा अर्थ लावण्यात माझे दिवस जात होते.

शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळी कॉलनी त्यांना मॅडम म्हणते. दोन घरांच्या मध्ये कंबरेएवढी भिंत आहे आणि ती भिंत बहुधा त्यांना टेकायलाच बांधलेली असावी. सकाळी त्या तिथून "जय भीम, वहिनी" म्हणायच्या, विहीणबाई "जय भीम, मॅडम" म्हणायच्या, की मग अर्धा तास गप्पा. एका सकाळी मीही तिथे उभी होते. मॅडमनी माझी चौकशी केली, काय करता, पुण्यात कुठे, आणि मग त्याच सुरात विचारलं, "पोरगी एकच? दुसरं काहून नाई होऊ देलं?"

"आमची मर्जी," मी म्हणाले आणि आत आले. माझे कान तापले होते. ओळख आठ दिवसांची नाही आणि हे प्रश्न.

लेक पलंगावर पडून सगळं ऐकत होती. "आई, तू यांना काहीच विचारत नाहीस," ती म्हणाली. "मम्मींचा गुडघा दुखतो ते तुला दिसतं. कशाने दुखतो, विचारलंस? त्यांना वाटतं तुला त्यांच्यात काही रसच नाही." ती आणि जावई, दोघंही विहीणबाईंना मम्मी म्हणतात.

"असं कसं विचारायचं कुणाला? खाजगी असतं."

"गुडघा खाजगी?"

त्या दुपारी मी धीर केला. विहीणबाई तूर निवडत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले आणि एखाद्या मुलाखतीला बसल्यासारखं विचारलं, "तुमचा गुडघा कशानं दुखतो?" त्यांनी सूप खाली ठेवलं. मग शेतावर सोयाबीनच्या पोत्यांवरून त्या कशा घसरल्या, त्या वर्षी पाऊस कसा होता, कोणत्या डॉक्टरने काय सांगितलं, कोणत्या नणंदेने कोणतं तेल दिलं, सासूने तेव्हाही कसं कामाला लावलं, सगळं आलं. तूर तशीच राहिली. संपल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचे मालक कशानं गेले वो?"

इतक्या वर्षांत हे मला असं कुणी विचारलं नव्हतं. पुण्यात सगळे जपून बोलतात. विषय निघाला की दुसरीकडे वळवतात, मला त्रास नको म्हणून. मी सांगायला लागले. दवाखाना, शेवटचा आठवडा, त्यांनी मागितलेलं आणि मी पथ्य म्हणून न दिलेलं लोणचं, हेसुद्धा सांगितलं. विहीणबाई मध्येमध्ये विचारत होत्या, मग काय झालं, मग कोण आलं. मी रडले नाही. सांगून झाल्यावर मला भूक लागली होती. त्यांनी उठून भाकरी आणि ठेचा आणला आणि मी पहिल्यांदा नको म्हटलं नाही.

एवढं झालं तरी स्वयंपाकघराचं दार बंदच होतं. "तुमी बसा." संध्याकाळचं पहिलं ताट माझंच. आणि तिकिटाची तारीख पुन्हा जवळ आली होती. या खेपेला पुढे ढकलायला मला लाज वाटू लागली. जायचं, असं मी मनाशी ठरवत आणलं होतं.

तशात एका सकाळी मॅडम भिंतीवरून ओरडल्या, "वहिनी, उद्या दुपारी तुमच्या चुलीले आवतन हाये बरं. पोराची नोकरी पक्की झाली. रोडगे करून राहिलो."

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, वरण आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. ते मला व्याह्यांनी आधीच सविस्तर सांगून ठेवलं होतं. आवतन म्हणजे आमंत्रण, हेही माहीत होतं. 'चुलीले आवतन' ऐकून मात्र मी खूश झाले. किती छान बोलण्याची तऱ्हा आहे, असं मनात म्हटलं आणि कुठेतरी लिहून ठेवावं असंही ठरवलं. त्यात काही नियम असेल हे डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शेजारच्या अंगणात धूर. व्याही आणि जावई भाजायला म्हणून लवकर गेले. विहीणबाई वाढायच्या तयारीला निघाल्या. "तुमी पोरीजवळ बसा, मी येतोच," असं सांगून त्याही गेल्या. मी हिशेब केला. आमंत्रण त्यांच्या घराला. मला काही कुणी नाव घेऊन बोलावलेलं नाही. आणि भिंतीपाशी मी मॅडमना जे उत्तर दिलं होतं त्यानंतर का बोलावतील? शिवाय लेकीला कमी मिठाचं आणि वेळेवर हवं. झणझणीत भाजी तिला चालणार नव्हती.

आणि स्वयंपाकघर रिकामं होतं.

मी चोरासारखी आत शिरले, हे सांगायला मला काही वाटत नाही. एकेक डबा उघडून पाहिला. तांदूळ खालच्या मोठ्या डब्यात, मूगडाळ वरच्या फळीवर, हिंग मिठाच्या मागे, चहा-साखर गॅसच्या डाव्या हाताला. कढईचे कान कापडाने धरायची त्यांची सवय मला माहीत होती, ते कापड खिळ्याला टांगलेलं. किती दिवसांनी हाताला पिठाचा, डाळीचा वास आला. मी मऊ भात आणि मुगाचं वरण लावलं. लेक खोलीतून म्हणाली, "आई, काय करून राहिली तू?" मी म्हणाले, "तुझ्यासाठी भात करते आहे, पडून राहा." आणि कुकरने शिट्टी दिली.

तसा आमचा कुकर पुण्याचाही वाजतो. पण इथे मध्ये कंबरेएवढी भिंत होती, आणि पलीकडे अख्खी पंगत बसायच्या बेतात होती. दुसऱ्या शिट्टीला पलीकडचे आवाज थांबले. थोड्याच वेळात मागच्या दाराने मॅडम आत आल्या, हातात लेकीसाठी झाकलेलं ताट. त्यांच्या मागे भिंतीला धरत विहीणबाई.

मॅडमनी कुकरकडे पाहिलं. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "वहिनी," त्या विहीणबाईंना म्हणाल्या, "तुमच्या घरची चूल कशी पेटली? आमचं काही चुकलं का?"

तेव्हा मला उमगलं. चुलीला आवतन म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायचीच नाही. घरातलं लहान-थोर, आजारी, पाहुणं, सगळ्यांचं जेवण त्यांच्याकडे. चूल पेटली तर त्याचा अर्थ तुमचं अन्न आम्हाला नको, किंवा आमच्यातल्या कुणाला तुम्ही वगळलंत. आणि मी ती पेटवून वर शिट्टी वाजवून सगळ्या कॉलनीला कळवलं होतं.

विहीणबाई आता काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. पाहुण्या आहेत, पुण्याच्या आहेत, त्यांना काय माहीत. मॅडम हो हो म्हणतील, सगळं मिटेल. मीही तेच म्हणायला तोंड उघडलं होतं.

"तुमचं काही नाई चुकलं," विहीणबाई म्हणाल्या. "आमचं चुकलं. आमच्या घरच्याच माणसानं पेटोली." मग त्या माझ्याकडे वळल्या. "काहून पेटोली वो चूल? काल मॅडम भितीवरून ओरडून सांगून गेल्या, तुमी तठीच उभ्या होत्या. कान कुठी होते तुमचे? एवढी शिकेल बाई तुमी. समजत नाई त इचारा ना. तोंड हाये ना?"

माझे वडील गेल्यापासून मला कुणी असं झापलं नव्हतं. खोलीतून लेक घाबरून म्हणाली, "मम्मी, अहो, तिला माहीत नव्हतं."

"तू गप पड. मी तुह्या मायले बोलून राहिली, तुले नाई."

"मला वाटलं आवतन तुम्हाला आहे," मी म्हणाले. माझा आवाज शाळेतल्या मुलीसारखा आला. "माझं नाव कुणी घेतलं नाही."

"नाव कायले घ्याव लागते? आवतन चुलीले हाये. त्या चुलीवर जो जो जेवते त्या साऱ्याईले हाये. इतके दिवस तुमी कोन्या चुलीवर जेवून राहिल्या?"

मला खूप बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं असणार की मला लाज वाटते आहे. तीही वाटत होतीच.

मी मॅडमपाशी गेले. "चुकलं माझं," म्हटलं. "आणि परवाही चुकलं. दुसरं मूल झालं होतं. राहिलं नाही." हे शेवटचं आपसूक आलं. मॅडमनी हातातलं ताट ओट्यावर ठेवलं आणि माझा हात धरला. त्यांनी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात भिंतीपाशी विचारलं, आणि मी सगळं सांगितलं.

विहीणबाईंनी तोवर कुकर उघडला होता. वाटीभर भात-वरण त्यांनी लेकीसाठी काढलं, उरलेला कुकर मॅडमच्या हातात दिला. "घ्या, हा बी आवतनात न्या. चूल पेटली त पेटली, अन्न त फेकता येत नाई." मग मला म्हणाल्या, "तुमी जा आता. माह्या जागी बसा पंगतीत. मी पोरीजवळ बसतो."

त्यांच्या जागी मी बसले. माझ्या एका बाजूला मॅडमची जाऊ, दुसऱ्या बाजूला कॉलनीतल्या कुणी. मॅडमनी स्वतः वाढलं. रोडगा फोडून त्यात तूप ओतलं, मी हात आडवा धरला नाही. वांग्याच्या भाजीने डोळ्यांत पाणी आलं, नाकातही. माझा मऊ भात पंगतीत चमचा चमचा फिरला. व्याह्यांनी तो खाल्ला, जरा विचार केला आणि मोठ्यानं म्हणाले, "ईनबाई, हे त बिमारीतलं खानं हाये." सगळे हसले, मीही हसले. नोकरी पक्की झालेल्या मुलाने मात्र मागून घेतला, बहुधा संस्कारामुळे.

घरी आले तेव्हा लेक झोपली होती. भाताची वाटी रिकामी होती. विहीणबाई पलंगाशी खाली बसून तिचे पाय दाबत होत्या, मॅडमनी आणलेलं ताट त्यांच्यापुढे निम्मं संपलेलं. मीही खाली बसले. तोंड आहे ना, असं त्या म्हणाल्या होत्या, ते डोक्यात घोळत होतं. मी माझ्या सगळ्या पुण्याला बाजूला ठेवून विचारलं, "बाळ होईपर्यंत मी इथे राहू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे इचाराले एवढे दिवस लागले? तुमी बघू म्हनलं, म्हून मी बी बघून राहिली. म्हनलं, कामाची बाई हाये, आपुन कसं अडवाव."

मला हसू आलं. दोघी आपापल्या परीने मर्यादा पाळत बसलो होतो आणि तिकीट मात्र पुढे पुढे जात होतं.

"माहा गुडघा सकायी लय धरते," त्या लेकीचा पाय मांडीवरून अलगद खाली ठेवत म्हणाल्या. "उद्यापासून सकायचा चहा तुमी मांडत जा. पोरगी मोकयी होयेपर्यंत. मंगचं मंग पाहू."

"बरं," मी म्हणाले. "चहाचा डबा कुठे असतो?"

"आता मलेच इचारता?" विहीणबाई म्हणाल्या. "सारे डबे त पाहून ठेवले तुमी."